सातवा ठोका

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

खाल्ला! आजही खाल्ला! नरेंद्रनं ड्रमचा सातवा ठोका आजही गिळला. हळू वाजवताना एकदम बरोबर असते, अन् शेवटचा पळता, जोराचा भाग आला की पठ्ठ्या लंगडते. मी बेस गिटार थांबवला, जुनैदनं त्याची गिटार थांबवली. नरेंद्र काठ्या मांडीवर ठेवून खाली पाहत बसला.

चाल जुनैदची आहे, सात मात्रांची. नाव ठेवलं 'इंझोरी-माल्गाव', कारण मोजायले तेच बोल. इंझोरीचे तीन, माल्गावचे चार. तोंडात दोन गावं घोळवायची अन् हात चालवायचा. नरेंद्र स्वतः इंझोरीचा. हप्ताभर टपाल वाटते, रविवारी फटफटीले सिंबलची, म्हणजे ड्रमच्या झांजांची, थैली बांधून इथं येते. जल्मलेल्या गावाचे तीन अन् आमच्या गावाचे चार मोजायले याले काय त्रास आहे?

जमशेदचाचानं मधूनच डोकावून विचारलं, "क्या हुआ, फिर झगडा?" म्हटलं, काही नाई चाचा. चाचांच्या गाद्यांच्या गोडाऊनमधे वाजवतो आमी. चारी भिंतींले कापूस, आवाज बाहेर जात नाई. माझं ओरडणंही जात नसेल, असं वाटत होतं. जाते वाटते.

५ नोव्हेंबर

दोन मिक्सर अन् एक भोंगा दुरुस्त केला. दिवसभर दुकानात बसून डोस्क्यात तोच लंगडा ठोका. गिऱ्हाईकावरही खेकसलो.

९ नोव्हेंबर, रविवार

नागपूरहून मेल आला! जानेवारीत जॅझ-रॉक फ्यूजनचा मोठा कार्यक्रम आहे अन् त्याले फक्त तिघांचे बँड पायजेत. गिटार, बेस, ड्रम. बस. आमच्यासारखेच! अट एकच, एका दमात वाजवलेला व्हिडिओ, कुठं कापाकापी नाई. ३० तारखेच्या आत पाठवायचा.

मी बेस हातात धरला त्याले चौदा वर्षं झाली. दुकानात कोणाच्यातरी जुन्या हार्ड डिस्कमधे परदेशातल्या अशाच एका तिकडीचं रेकॉर्डिंग सापडलं होतं. तीनच माणसं, अन् पूर आल्यासारखा आवाज! गाणारा नाई, पेटी नाई, काही नाई. तवापासून हेच एक करायचं आहे मले. अन् या गावात काय होते? मागच्या साली कॉलेजच्या गॅदरिंगमधे आमी अकरा मिनिटं वाजवलं, घाम गळेपर्यंत. झाल्यावर निवेदक माईकवर म्हणते, "साउंड चेकिंग झालं असंल तर कार्यक्रम सुरू करू." अख्खा मंडप हासला! ते अजून माझ्या छातीत आहे.

म्हणून नागपूर पायजे. मी छत्तीसचा झालो, असा मेल पुन्हा येणार नाई.

अन् आज व्हिडिओ काढायले बसलो तं सहा वेळा काढला, सहाही वेळा लंगडला. नरेंद्रले सुनावलं. म्हटलं, पाचसात जणांच्या बँडमधे एखादा लपून जाते, तिघांत लपायले जागा नसते, कळलं का? तो म्हणे, "जगदेवभाऊ, तुमचं ते शेवटच्या भागातलं एक..." मी म्हटलं, माझं नको सांगू, तुझं पाह्य! त्यानं काठ्या पुन्हा उचलल्या. जुनैद गिटारच्या तारा पुसत होता. त्या तर पुसलेल्याच होत्या.

१२ नोव्हेंबर

जुनैद दुकानात आला. चहा घेतला. "जगद्या, त्याले जरा प्यारसे बोल ना बे," म्हणे. प्यारसे! घड्याळाले प्यारसे बोलल्यानं ते बरोबर चालते का? "तू पयले स्वतः मोजून पाह्य," असं काहीतरी पुटपुटला जाताना. मी चौदा वर्षं मोजून राह्यलो. हा मले मोजायले शिकवते!

१६ नोव्हेंबर, रविवार

हाकलला. नरेंद्रले हाकलला.

आज चौथ्या वेळेले त्यानं ठोका खाल्ला अन् माझं टाळकंच सरकलं. बेस गादीवर फेकला. म्हटलं, उद्यापासून येऊ नको! जा, तुझ्या बापाच्या पार्टीत वाजव, तिथं एखादा ठोका गेला तरी लोक टाळ्या वाजवतात!

त्याचे वडील ग्यानबा. भीमगीतांच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवत, आता गुडघे गेले. नरेंद्र त्यांच्याच मांडीवर शिकला. तो उठला. आवाज चढवला नाई. "माह्या बापाचं नाव काढू नोका, भाऊ. त्यायची एक मात्रा गेली नाई कधी. अन् त्यायनंच शिकवलं मले, समोरच्याले पडू द्याचं नाई." काय संबंध? ठोका तू खातं, अन् कोण पडून राह्यलं?

सिंबल काढले, थैलीत भरले. थैलीचा बंद तुटला होता तं चाचांनी गादी बांधायची दोरी दिली. जुनैद त्याले फाटकापर्यंत सोडून आला अन् माझ्याशी न बोलता घरी गेला.

बरं झालं! चांगलंच झालं!

१७ नोव्हेंबर

बापाचं बोलायले नको होतं. पण ठोका खाल्लाच होता ना!

२३ नोव्हेंबर, रविवार

मोबाईलमधे ड्रमचं मशीन घेतलं. सात मात्रा, वेग ठरवला, एका केसाचा फरक नाई. जुनैदले कसंतरी राजी केलं. फक्त सरावापुरतं, म्हटलं, दुसरा ड्रमर भेटेपर्यंत.

हळू भाग मस्त. शेवटचा भाग आला अन् सगळं कोसळलं! दुसऱ्याच फेरीत मी एकीकडं, मशीन दुसरीकडं, जुनैद अधांतरी. पुन्हा लावलं. पुन्हा तेच. नरेंद्रबरोबर लंगडत का होईना, पण शेवटाले पोहोचत तरी होतो! मशीनही बोगस निघालं. दुसरं घेतलं, तेही बोगस! जुनैद हासला. कसा हासला, सांगता येत नाई. गिटार पेटीत ठेवली अन् म्हणे, "मशीन कोणाले सांभाळून घेत नाई, जगद्या." अन् गेला.

सात दिवस उरले. ड्रमर नाई, अन् आता गिटारवालाही नाई. शाबास, जगदेव!

२६ नोव्हेंबर

बहीण उज्ज्वला आली माहेरी. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग घेते. माझं डोकं खराब पाहून विचारत बसली, म्हणून सगळं सांगितलं. म्हटलं, हे पाह्य, असं मोजायचं असते, अन् टेबलावर जोरात वाजवून दाखवलं. इंझोरीमाल्गाव, इंझोरीमाल्गाव, इंझोरीमाल्गाव!

ती एकेक बोट दुमडत होती, शाळेत मोजते तशी. म्हणे, "दादा, 'ले' कुठं गेला?"

कोणता ले?

"मा-ले-गा-व. तू माल्गाव म्हणतं. आपल्या घरात सगळेच म्हणतात. माह्या वर्गातले लेकरं लिहितातही तसंच, मी रोज लाल पेन मारतो. चार नाई होत ते, तीनच होतात."

असं काही नसते, म्हटलं. मी हात मोजतो, अक्षरं नाई! जेवलो नाई. तिच्यावरही ओरडलो, बिचारी दोन दिवसांसाठी आली होती.

२७ नोव्हेंबर

ही वही पहिल्या पानापासून पाहिली. सगळीकडं माल्गाव. एका जागीही 'ले' नाई. त्यानं काय सिद्ध होते? काहीच नाई!

२८ नोव्हेंबर

दुकान उघडलं नाई. तीन वर्षांच्या सरावाची रेकॉर्डिंग ऐकली, एकूण एक. माईक माझ्याच तोंडासमोर ठेवत होतो. बेसच्या खाली माझी पुटपुट साफ ऐकू येते. हळू भागात मा-ले-गा-व. जोराच्या भागात माल्गाव. दर वेळी मी एक मात्रा आधी येऊन पडतो, अन् दर वेळी नरेंद्र आपला सातवा ठोका सोडून माझ्याजवळ येऊन उभा राहते. पहिल्या रविवारपासून. एकदाही चुकला नाई.

उद्या सकाळीच इंझोरीले जातो. आधी ग्यानबांच्या पाया पडायचं.