सव्वासतरा इंच नळी आणि नणंदेचा वाटा

मी ओपल मे स्टॅम्पर, कै. हर्शल स्टॅम्पर यांची बायको, वय ब्याऐंशी, राहणार स्टिलवेल खोरं, पूर्व केंटकी, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी सकाळीच विचारलं, आज वार कोणता. मी वार सांगितला, आणि त्यांच्या शर्टाचं बटण चुकलंय तेही सांगितलं. शाळा मी तिसरीत सोडली, तेव्हा चूकभूल पोटात घालावी. याआधीचं कुठलंही मृत्युपत्र, विशेषतः रागाच्या भरात पाकिटाच्या पाठीवर लिहिलेलं, रद्द समजावं.

कलम एक. घर आणि मागची टेकडी मुलगा ग्लेन याला. विहिरीचा पंप तसाही त्याच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही.

कलम दोन. बँकेत असेल त्यातून आधी मला पुरावं. उरेल त्यातून चर्चच्या स्वयंपाकघरात नवी चूल घ्यावी. जुनी चूल मक्याचा पाव एकाच बाजूने जाळते आणि जळका तुकडा नेमका माझ्याच ताटात येतो. मी मेले म्हणून तो दुसऱ्या कुणाला मिळू नये.

कलम तीन. हर्शलची छऱ्यांची बंदूक ग्लेनची मुलगी टेसा हिला. हे कलम लांबणार आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी सही बघून घरी जावं.

सत्त्याऐंशी सालच्या शरद ऋतूत हर्शल ओढ्याकाठी घसरला, नळीच्या तोंडात चिखल भरला, आणि न बघता त्याने बार उडवला. नळीचं टोक सोललेल्या केळ्यासारखं झालं. आमच्या खोऱ्यात अशा वेळी जे सगळे करतात तेच त्याने केलं. लोखंड कापायची करवत घेतली, फाटका भाग कापला आणि जेवायला बसला.

तेवढ्यात माझी नणंद बर्निस आली. तिने दातांच्या डॉक्टरकडे मासिकात बंदुकीच्या कायद्याचं काहीतरी वाचलं होतं. माझ्या शिवणाची टेप घेतली, नळी बाहेरून मोजली.

"सव्वासतरा! हर्शल, नळी अठरा इंचांच्या आत म्हणजे दहा वर्षं आत."

"बंदूक माझी, नळी माझी," हर्शल म्हणाला.

"आणि तुरुंग सरकारचा. मी कशाला कुणाला सांगू? घरचंच माणूस मी. बरं, नाताळच्या डुकराच्या खारवलेल्या मांडीचं काय करताय यंदा?"

त्या दिवसापासून दर नाताळला आमच्या डुकराची मागची मांडी तिच्या घरी. पुढे सासूबाईंची गोधडीही गेली. बंदूक गेली कपडे धुवायच्या यंत्रामागच्या भिंतीत. हर्शल मरेपर्यंत शेरीफची गाडी दिसली की दचकत होता. शेवटी ती गाडी दारात आली, ती त्याच्या मातीला फुलं घेऊन.

टेसा आजोबांबरोबर शिकारीला जाणारी एकटीच. गेल्या वसंतात तिने तुरुंगात पहारेकरी म्हणून शपथ घेतली. आता ही बंदूक तिच्या हातात गेली आणि खरंच बेकायदा निघाली, तर पोर तुरुंगाच्या दुसऱ्या बाजूला जायची. म्हणून मी वकील प्रुइटसाहेबांना विचारलं, नोंद करून घेऊ का?

"नाही ओपलबाई. आधी नोंद नसेल तर आता होत नाही. आखूड असेल तर सरकारजमा."

"मग ग्लेनच्या मित्राकडे चौदा इंचाची आहे, ती कशी चालते?"

"ती कारखान्यातूनच बिनदस्त्याची निघाली, खांद्याला टेकवायचं लाकूड नसलेली. ती कायद्याने छऱ्यांची बंदूकच नाही."

"छरे उडवते ना?"

"उडवते."

मग त्यांनी पट्टीवालं पिस्तूल सांगितलं. मागे हाताला बांधायची पट्टी असली तर पिस्तूल, खांद्याला टेकवायचा दस्ता असला तर आखूड रायफल. मागल्या वर्षी तर पट्टीवालंही रायफल होतं. यंदा कोर्टाने परत पिस्तूल केलं.

"आणि कमरेला टेकवलं तर?" मी विचारलं. साहेबांनी चष्मा पुसला.

शेवटी त्यांनी मला बंदूकवाल्या लोनी फ्युगेटच्या दुकानात नेलं. लोनीने टेप घेतलीच नाही. बंदूक रिकामी आहे हे दोनदा पाहिलं, नळीची मागची बाजू बंद केली, पुढच्या तोंडातून एक लाकडी काठी आत सोडली, टेकेपर्यंत. तोंडाशी पेन्सिलने खूण केली, काठी बाहेर काढून मोजली.

"अठरा इंच आणि वर एक सूत, इंचाचा आठवा भाग."

"बाहेरून तर सव्वासतरा भरते रे!"

"बाहेरून मोजतच नाहीत आजी. नळीचा थोडा भाग आत लपलेला असतो. सरकार आतून मोजतं. एकूण लांबीही कायद्याला लागते त्या सव्वीस इंचांच्या वर आहे. ही कधीच बेकायदा नव्हती."

मी दुकानातच खुर्चीत बसून इतकी हसले की लोनीने पाणी आणलं. सदतीस वर्षं! हर्शल, तू भिंतीत कपड्यांचा साबण खात पडलेली एक सज्जन बंदूक लपवली होतीस रे.

टेसासाठी सूचना एकच. तोंड करवतीने खडबडीत झालंय, दिसायला घाण आहे, पण कानस लावू नकोस. ते गुळगुळीत केलंस की ते एक सूत जाईल, आणि तू गुन्हेगार. तुझा आजोबा कधी नीट काम करत नव्हता, त्यानेच वाचवलंय तुला.

कलम चार. नणंद बर्निस हिला लोनीची ती काठी, पेन्सिलीच्या खुणेसकट, लाल फीत बांधून. मृत्युपत्र वाचताना ती समोर बसलेली असावी. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे, पण माझं मरण बघितल्याशिवाय जायची नाही. काठी कशाची हे लोनीने समजावून सांगावं, सावकाश, तिला कमी ऐकू येतं. सासूबाईंची गोधडी तिने टेसाला परत द्यावी. नाही दिली तरी चालेल, काठी तिचीच.

तोवर कुणी तिला काही बोलायचं नाही. यंदाच्या नाताळलाही मांडी पाठवायची, चांगली जाड.

काल ती आली होती. मी लिहिताना पाहून म्हणाली, "ओपल, साक्षीदार म्हणून मी सही करू का?"

"नको वन्सं," मी म्हटलं. "ज्याला काही मिळणार असतं त्याने साक्षीदार व्हायचं नसतं."

तिच्या गालावर लाली चढली, आणि ती आनंदाने घरी गेली.

हे सगळं मी माझ्या हाताने, कुणाच्या दबावाशिवाय आणि फार मजेत लिहिलं.

सही: ओपल मे स्टॅम्पर

साक्षीदार:
१. लोनी फ्युगेट, बंदूक दुरुस्तीवाला
२. मर्टल नोबल, प्रुइट वकिलांच्या कचेरीतील लेखनिक

स्टिलवेल खोरं, केंटकी
९ नोव्हेंबर २०२४