आजोबांची माफी कुणी मागायची

गान नदीकाठ, ४ ऑक्टोबर २००३

ती. शुयिंगताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेले लोकरी मोजे बाबांनी घातलेच नाहीत. म्हणाले, पाय शहरी होतील. हसून घे, पुढचं वाईट आहे.

ओढ्यापलीकडे बाबांना मेलेलं अस्वल सापडलं, कुणा चोरट्याच्या तारेच्या फासात. अस्वल म्हणजे आपल्या लोकांचे आजोबाच, त्यांना असं टाकून कसं यायचं? बाबांनी गळा काढला, माझ्या हातून घडलं, आजोबा, माफ करा म्हणाले आणि रीतीप्रमाणे अस्वलाचं डोकं गवतात गुंडाळून बर्चच्या झाडावर ठेवलं. नेमकं वनपोलिसांनी ऐकलं. त्यांना कुठली ठाऊक आपली रीत, कुणीही मारलं तरी दोष ज्याला सापडलं त्यानं घ्यायचा ती! जंगलातला जीव न् जीव सरकारचा, शिकारीला बंदी, आणि हा म्हातारा स्वतःच कबूल करतोय. तालुक्याला नेलंय त्यांना.

तुझ्या मायेचाच आधार आहे.
जिन्फू

हायलार, ९ ऑक्टोबर

चि. जिन्फूस अनेक आशीर्वाद.

अरे, बंदूक सरकारजमा करून वर्षं लोटली त्या माणसाची, मारणार कशानं? वकील म्हणतो, फास माझा नव्हे एवढं बोलले तरी सोडतील. पाय प्लास्टरमध्ये नसता तर मीच येऊन हट्टी म्हाताऱ्याला झापलं असतं. तू पाया पड, पण बोलायला लाव. माझा जीव थाऱ्यावर नाही.

जपून राहा रे.
ताई

गान नदीकाठ, १७ ऑक्टोबर

ती. ताई,
सा. न. वि. वि.

पाया पडलो गं. बाबा म्हणाले, फास लावणारा काही माफी मागणार नाही. मी शब्द फिरवला तर आजोबांनी माफ करायचं कुणाला?

कोठडीतच त्यांची छाती भरली. काल इस्पितळात वारले. तुझे मोजे पायात होते. आजोबांना झाडावर परत ठेव, एवढंच शेवटी बोलले.

त्यांची राख घेऊन तसाच वनपोलिसांच्या कचेरीत गेलो. अस्वलाचं डोकं तिथं कपाटात आहे, पुरावा म्हणून. साहेब बरा माणूस, पाणी दिलं. पण सरकारी माल असा देता येत नाही म्हणाला. मग विचारलं, तुमचं याच्याशी नातं काय?

मी म्हटलं, "नातू."

साहेब हसला नाही. कपाटही उघडलं नाही. ताई, मला राहवेना. त्या कपाटासमोर बसून मी दोघांसाठी गळा काढला आणि माझ्याच हातून घडलं, आजोबा, माफ करा असं मोठ्यानं म्हणालो. शिपाई लिहून घेत होता. घेऊ दे.

माया होती तशीच असू दे.
तुझा जिन्फू