कोणी न मारलेला ठोका

चंद्रपूर,
गुरुवार, ९ जानेवारी २०२५

प्रिय अकरम,

सलाम आणि खूप दुआ. इकडे सगळे बरे आहेत. थंडी बोचरी आहे. माझ्या सासूबाईंची, लियाकतच्या अम्मींची, तब्येत आहे तशीच. उजवी बाजू हलत नाही, बोलणं मात्र थोडं सुटलंय.

तुझं पार्सल सोमवारी मिळालं. जाळीची पानं, चकत्या, वायरी, मॉड्यूलचा डबा, हेडफोन, सगळं शाबूत आहे. तू काढलेली आकृती मिळाली आणि तिच्यामागे लिहिलेली ओळही मिळाली. तिच्याकडे नंतर येते. फोन न करता लिहितेय, कारण आमच्या घरात फोनवर एक जण बोलतो आणि बाकीचे ऐकतात.

तुझ्या सिरोंचाच्या खोलीच्या वर मालक राहतो, त्याला आवाज चालणार नाही, म्हणून इथे पडलेला तुझा ड्रमसेट मुका करून पाठवायचा, हे काम मी अंगावर घेतलंय खरं. जुनी पानं काढून जाळीची ताणून बसवली. प्रत्येक ड्रमच्या पोटात एक लाकडी पट्टी आडवी लावली, तिच्यावर बझरमध्ये असते तशी पितळी चकती, चकतीवर फोमचा सुळका, आणि सुळक्याचं टोक जाळीला जेमतेम टेकलेलं. काठी पडली की जाळी थरथरते, थरथर चकतीत उतरते, चकती चिमूटभर वीज करते आणि डब्याला कळतं की ठोका पडला. आवाज डबा काढतो, तोही फक्त हेडफोनमध्ये. खोलीत नुसतं टप टप. वायरी डागताना दोन चकत्या जाळल्या. कॉलेजच्या प्रयोगशाळेत इतकी वर्षं पोरांना सोल्डरिंग शिकवते, ते कुणाला सांगू नकोस.

बास ड्रमचं पेडल मला जमत नाही. हातानं थोपटून तपासते, म्हणून डब्यावर त्याची संवेदनशीलता पार शेवटपर्यंत वाढवून ठेवली आहे. तुझ्याकडे आला की कमी कर.

ड्रम पुसायला अंगणात काढला होता, तर शेजारचे गुणवंतराव कुंपणाशी आले. "काऊन बाई, भाऊ परत येऊन राह्यला का?"

मी म्हटलं, नाही, ड्रम जाणार आहे.

"बरं झालं. खाणीचा धमाका दिवसातून एक डाव होते, भांडे हालते, संपलं. तुमचा भाऊ दिवसभर करे."

फरहा दारात उभी होती. "काका, पोरीच्या लग्नात याच ड्रमवर नाचले होते ना तुमी? टोपी पडली होती."

गुणवंतराव घरात गेले. आम्ही दोघी हसलो. मग मी तिच्याकडे पाहिलं. तू कुठल्या लग्नात वाजवलंस आणि कोणाची टोपी पडली, हे तिच्या इतकं ध्यानात आहे, ते मला माहीत नव्हतं.

आता तुझी ओळ. "आपा, फरहाबद्दल तुझं मत काय? तू हो म्हणालीस तरच लियाकतभाईंशी बोलेन." तू तिला पाहुण्यासारखं पाहिलंयस. तलाक होऊन ती चामोर्शीहून भावाच्या घरी आली, तेव्हापासून मी तिच्यासोबत एका स्वयंपाकघरात आहे. माझ्या नणंदेबद्दल मला सगळं माहीत असायला हवं. तरी आकृती उलटी धरून मी बराच वेळ बसले आणि उत्तर सुचलं नाही.

एक विचारते. तुमचं दोघांचं आधी काही बोलणं झालंय का? आणि तो मालक खरंच वर राहतो ना? एकट्या माणसाच्या खोलीसाठी इतकी शांतता कशाला लागते, असा विचार मनात आला. आला तो लिहिला.

तुझी,
आयशा आपा


चंद्रपूर,
रविवार, १९ जानेवारी २०२५

प्रिय अकरम,

सलाम. तुझा फोन आला तेव्हा "पत्र टाकते" एवढंच म्हणाले, कारण फरहा समोर भाजी निवडत होती. तुमचं काहीही बोलणं झालेलं नाही, हे तू शपथेवर सांगितलंस. मी मानते. मालकाचंही मानते.

पण इथे एक गोष्ट झाली आहे.

त्या डब्यात रेकॉर्डची सोय आहे ना, बटण दाबून ठेवलं की पहिला ठोका पडेपर्यंत तो वाट पाहतो आणि ठोका पडला की आपोआप नोंदवू लागतो. मागच्या आठवड्यात एका सकाळी ते बटण माझ्याकडून दाबलेलं राहिलं. संध्याकाळी कॉलेजातून आले तर दिवा लुकलुकत होता. हेडफोन लावला. बास ड्रमचा एक ठोका. धुम्म. त्यापुढे काही नाही.

लियाकत दिवसभर दुकानात. अम्मी खाटेवर. राहिली कोण?

ती कणीक मळत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ड्रमला हात लावला होतास का गं?"

"नाई भाभी. मी कायले हात लावू?"

"पुसताना लागला असेल."

"पुसलाच नाई मी तो. तुमीच म्हणाल्या ना, वायरी हायेत, नको पुसू."

मान वर केली नाही तिने. मी दुसऱ्या दिवशी बटण मुद्दाम दाबून गेले. पुन्हा एक ठोका. त्याच्या दुसऱ्या दिवशी दोन, दुसरा जरा हलका. मग मी पेडलवर काळा दोरा आडवा बांधला, सहज दिसणार नाही असा. संध्याकाळी दोरा जागच्या जागी आणि आत ठोका हजर. म्हणजे तिने दोरा पाहिला आणि हातानं वाजवलं. इतकी सावध आहे. आज मी घरी आहे, तर दिवा सकाळपासून शांत. माझ्यासमोर तिला ड्रम दिसतसुद्धा नाही.

तू म्हणशील, एक ठोका मारला तर काय बिघडलं? काहीच नाही. तिने "हो, मारला" म्हटलं असतं तर मी पेडल कसं दाबायचं ते तिलाच विचारलं असतं. पण इतक्या लहान गोष्टीत ती माझ्या तोंडावर, शांतपणे, रोज खोटं बोलते. आता तिचं प्रत्येक बोलणं मी उलटून पाहते. दूध नासलं म्हणाली, खरंच नासलं होतं का? चामोर्शीचं घर का मोडलं, त्याची जी हकिगत तिने सांगितली तीच मी धरून चालले होते. दुसरी बाजू आम्ही कोणीच ऐकली नाही.

मी रोजनिशीत लिहिलं, "फरहा खोटं बोलते." मग खोडलं. मग पुन्हा लिहिलं. खोडल्यानं ते खोटं होत नव्हतं.

म्हणून तुझ्या ओळीचं उत्तर, अकरम: नको. मन घट्ट करून लिहितेय. ज्या बाईची खात्री मी देऊ शकत नाही, ती माझ्या भावाच्या घरात जावी असं मी म्हणणार नाही.

कामाला ती चांगली आहे, हे नाकारत नाही. अम्मींना अंघोळ, कूस बदलणं, भरवणं, सगळं तीच करते, म्हणून तर मी साडेनऊला घरातून निघू शकते. पण तो मुद्दा वेगळा.

ड्रम तयार आहे. टेम्पो सांग.

तुझी,
आयशा आपा


चंद्रपूर,
शुक्रवार, ३१ जानेवारी २०२५

अकरम,

तुझ्याकडून ना फोन, ना टेम्पोचा निरोप. मला कळतंय.

हे पत्र उभ्यानं वाचू नकोस.

नकार टपालात टाकल्यावर मला चैन पडेना. निकाल आधी दिला होता आणि आता पुरावा हवा होता. तिला ड्रमपाशी एकदा डोळ्यांनी पाहिलं म्हणजे सुटेन, असं वाटलं. बुधवारी नेहमीसारखी निघाले, कॉलेजात अर्धी रजा टाकली आणि दुपारी मागच्या दारानं घरात शिरले. ड्रमच्या खोलीत गाद्यांची चळत आहे, तिच्यामागे बसले. एवढी मोठी बाई, स्वतःच्या घरात, चोरासारखी. हेडफोनची एक बाजू कानावर, दुसरी सरकवलेली, म्हणजे पावलंही ऐकू येतील. बास ड्रम हातभर अंतरावर होता.

पडद्याच्या फटीतून पलीकडे अम्मींची खाट दिसत होती. फरहा त्यांना वरणभात भरवत होती. "अजून एक घास. नाई म्हणू नका. तुमच्या सुनेले सांगन मी, अम्मी जेवत नाई म्हणून." अम्मी काहीतरी पुटपुटल्या. "सुनेले भेत नाई? मग मी तं लईच भेते," फरहा म्हणाली. दोघी हसल्या.

मग खाणीचा भोंगा वाजला. लांबून वाजतो तसा, रोजचा. फरहानं वाटी खाली ठेवली, हात पदराला पुसले. "अम्मी, आता होते हां. मी हावो इथी." आणि अम्मींच्या दोन्ही कानांवर दोन्ही तळवे दाबून धरले.

धमाका झाला. खिडकीची काच थरथरली, मांडणीवर कपबशा वाजल्या, पायाखालची फरशी हलली. आणि माझ्या डाव्या कानात, हेडफोनमध्ये, स्पष्ट आलं.

धुम्म.

पेडलपाशी कोणी नव्हतं. थोड्या वेळानं दुसरा, लहान धमाका झाला, आणि दुसरा, हलका ठोका.

मी तिथेच बसून राहिले. थरथर चकतीत उतरते आणि चकती वीज करते, हे तुला मीच लिहिलं होतं. संवेदनशीलता शेवटपर्यंत मीच वाढवली होती. इतकी वर्षं या वस्तीत काढली, भिंतीच्या भेगा दर उन्हाळ्यात बुजवते, आणि धमाका माझ्या डोक्यात आला नाही. त्या वेळी मी घरात कधी नसते. असते त्या रविवारी खाण बंद असते. आणि असले तरी काय, हातातला चहाचा कप सगळ्यांसारखा घट्ट धरते आणि बोलणं पुढे चालू ठेवते.

"भाभी, निघा भायेर आता," पलीकडून आवाज आला. "पायाले मुंग्या येतीन."

मागच्या दारी माझ्या चपला तिला केव्हाच दिसल्या होत्या.

मी तिला सगळं सांगितलं. ठोके, दोरा, तू विचारलेली ओळ, मी पाठवलेला नकार. ती अम्मींचं तोंड पुसत होती. पुसून झाल्यावर म्हणाली, "ठोक्यासाठी नाई लिवलं तुमी नको म्हणून."

"मग?"

"मी गेली तं अम्मीचं कोण करन, म्हणून लिवलं. ठोका तं तुमाले सापडला."

अकरम, मागच्या पत्रातलं ते वाक्य काढून पाहा, "पण तो मुद्दा वेगळा." वेगळा नव्हता. तुझी ओळ वाचली त्या क्षणी माझ्या मनात पहिलं आलं ते साडेनऊचं घड्याळ. तू नाही, ती नाही. त्यानंतर जे जे दिसलं ते मी त्या घड्याळाला टेकवत गेले. दोरा तुटला नाही हेही तिच्याच विरुद्ध धरलं. तुटला असता तर काय केलं असतं, विचार कर.

फरहा पुढे म्हणाली, "भाभी, मले विचारलं असतं तं मी सांगितलं असतं. मले कोणी विचारतच नाई. चामोर्शीच्या लग्नाच्या वक्ती बी नाई विचारलं. तुमी त्याले नाई लिवलं, आता हो लिवान. मी कुठी हाये त्याच्यात?"

"मग त्याला काय लिहू?"

ती बराच वेळ वाटी घासत राहिली. घासून झालेली वाटी.

"लिवा, स्वतः ये अन् मले विचार. ढोल वाजवून नको, तोंडानं." मग म्हणाली, "अन् हो का नाई, ते मी त्याले सांगन. तुमाले नाई."

ती काय सांगेल ते मला ठाऊक नाही. आधी वाटलं होतं, तिच्या चेहऱ्यावरून ओळखेन. पण माझ्या ओळखण्याचा भरवसा आता मीच धरत नाही.

माझ्यापुरतं उत्तर बदलते: हो. आणि हे लिहितानाही स्वतःला विचारतेय की हा हो खरा आहे, की शरमेपोटी आलाय. शंभर टक्के सांगता येत नाही. पण लियाकतशी बोलले आहे, आणि प्रात्यक्षिकांचे तास सकाळी घ्यावेत असा अर्ज प्राचार्यांना दिला आहे. मंजूर झाला तर दुपारी घरी असेन. काल पुन्हा लवकर आले आणि भोंगा वाजल्यावर अम्मींच्या कानांवर मी हात ठेवले. त्यांनी मान झटकली. "थंडे हैं," म्हणाल्या, आणि फरहाला शोधू लागल्या. शिकेन.

ड्रमसाठी टेम्पो पाठवू नकोस. तूच ये, आणि कामाच्या वारी ये, रविवारी नको. दुपारी पोचलास आणि भोंगा ऐकू आला, तर दार वाजवू नकोस. बाहेरच थांब. आत आमचे हात गुंतलेले असतील.

मागचं पत्र फाडू नकोस. त्याच्याखालीही सही माझीच आहे.

आयशा आपा