वेराला माहेर सांगताना

मंगळवार, दिवेलागण

वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी वेरा रशियन भाषेत पुस्तकं लिवते. तिकडच्या सरकारला ती झोंबली, म्हणून तिला आता घरी जाता येत न्हाय. आज वही घेऊन खाली आली.

"काकू, माहेर म्हणजे आईचं घर ना?"

"नुसतं घर न्हाय गं. जिथं उशिरा उठलं तरी कुणी बोलत न्हाय, ते माहेर."

"आमच्यात असा शब्द नाही."

"मग नवऱ्याशी भांडून बायका जातात कुठं?"

ती हसली, आणि हसता हसता रडायलाच लागली. माझं मेलं तोंड! गप करायला बोलून बसले, "चल, रविवारी तुला माझ्या माहेरी नेते, वडप्याला."

भावानं विकलेल्या त्या घराच्या जागी गोडाऊन उभं हाय, हे तिला आता कसं सांगू?