कपाटातला नवरा आणि धोंड्याचं ताट

२३ मे, शनिवार. मलकापूर.
शारदा होळीला चार दिवस म्हणून माहेरी, धाड गावाला गेली, ती अजून तिकडेच. भांडण वगैरे नाही. इंटरव्हल आहे. माझ्या लाडक्या अमेरिकन दिग्दर्शकाच्या प्रत्येक ब्लॅक अँड व्हाइट कॉमेडीत बायको मध्यावर निघून जाते आणि शेवटच्या रिळात नवऱ्याच्या गळ्यात पडते. हे शारदाला माहीत आहे, कारण एकूण एक सिनेमा मी तिला पॉज करकरून समजावलाय. ती माणसं भरभर बोलतात, जोक निसटतो. फिल्म ॲप्रिसिएशनचा ऑनलाइन कोर्स केलेला नवरा घरात असताना तिचा जोक का म्हणून निसटावा?
अधिक महिना लागलाय. सासूबाईंनी धोंड्याच्या जेवणाला बोलावलंय. संकल्प: परवा शारदासह परत. दोन शर्ट पुरेत. सिनेमांचा पेनड्राइव्ह घेतला.

२४ मे. धाड.
जेवण जड. शारदा वाढायला होती, बोलायला नव्हती. तिचा निरोप सासूबाईंनी आणला. सगळ्यांबरोबर एक अख्खा पिक्चर बघायचा आणि मी मधे तोंड उघडायचं नाही. जमलं तर ती येईल.
एवढंच? ऑफिसात साहेबांसमोर मी दुसरं काय करतो?

२६ मे.
निघता येत नाही. पिक्चरही लागत नाही. भावकीत एका घरी जावई जेवला की दुसऱ्या घरी नाही कसं म्हणणार? अधिकात जावई म्हणजे विष्णू, आणि विष्णूला 'पुरे' म्हणायची सोय नाही. सकाळी चुलत सासऱ्यांकडे धोंडे, संध्याकाळी त्यांच्या व्याह्यांकडे धोंडे. शर्ट संपले. सासऱ्यांचा पायजमा घातलाय, नाडी पुरत नाही. आज तरी सोडा म्हटलं, तर सासरे भगवानराव म्हणाले, महिना तर आता लागला जावईबापू, काऊन घाई करून राह्यले?
एका सिनेमात नवरा सासुरवाडीला कपाटात अडकून बसतो. तेव्हा मला तो प्रसंग ओढूनताणून वाटला होता. दिग्दर्शकाची मनोमन माफी मागितली.

२८ मे, दुपार.
आज एकही जेवण नाही. संध्याकाळी शो. कपाटवालाच सिनेमा लावणार. सासूसासऱ्यांना इंग्रजीचा गंध नाही. पाच मिनिटांत सगळे हैराण होतील आणि शारदाच म्हणेल, अहो, सांगा ना जरा. मग ते बोलणं धरलं जाणार नाही. प्लॅन पक्का.

२८ मे, संध्याकाळ.
सुरुवात छान. सासूबाईंनी अनारशांचं ताट माझ्या मांडीवरच ठेवलं. तोंड भरलेलं, त्यामुळे शब्द नाही. पण कोणी काही विचारेचना! कपाटातला नवरा शिंकला, बाहेर बायकोने तीच शिंक आपल्या नावावर घेतली, आणि भगवानराव मांडीवर थाप मारून हसले. सासूबाईंचा पदर तोंडाला. शारदा तर हसता हसता माझ्या खांद्यावर रेलली. होळीपासून पहिल्यांदा. मला फार बरं वाटलं.
पण हसत होते ते चुकीच्या जागी. खरा जोक पुढे होता. तो वाया गेला असता. मी अनारसा गिळला, रिमोट घेतला, पॉज केलं. म्हटलं, आता लक्ष द्या, दार उघडणार नाही, अख्खं कपाटच पडणार आहे, यात आधीची तयारी महत्त्वाची.
शारदा सरकून बसली. आवाजही चढवला नाही तिने. म्हणाली, "मले तुमच्या बाजूले बसून हसायचं होतं. तुमी मले शिकवूनच राह्यले."
मी प्ले केलं. कपाट पडलं. कोणी हसलं नाही. दिग्दर्शकाचं टायमिंग इथे जरा चुकलंय.

३० मे. मलकापूर.
भगवानरावांनी स्वतः एसटीत बसवून दिलं. या वेळी घाई काऊन, असं कोणी विचारलं नाही. पिशवीत अनारसे. पेनड्राइव्ह शारदाने ठेवून घेतला. हे चांगलं लक्षण आहे. शेवटचं रीळ बाकी आहे.
संध्याकाळी फोन केला. पुढचा सिनेमा लावण्याआधी थोडी पार्श्वभूमी द्यावी म्हणून. भगवानरावांनी उचलला. मागे शारदा हसत होती. खूप, धाप लागेपर्यंत. आमच्या घरात ती अशी कधी हसलेली मला आठवत नाही. पिक्चर चालू हाये, मंग फोन लावतो, म्हणून त्यांनी फोन ठेवला.
सगळे सिनेमे मला पाठ आहेत. ती कशाला हसत होती, तेवढं काही मला ओळखता आलं नाही. फोन आला की विचारीन.