मामांच्या काट्यावरचं पोलिंग

ती. काकासाहेब मामांस,
नागापूरहून भागवतचा शिरसाष्टांग नमस्कार.

मामींच्या गुडघ्यांना उतार असेल, आणि तुमच्या रागालाही (तो गुडघ्यांहून जुना) असावा. फोनच केला असता, पण मामी तो स्पीकरवर टाकतात आणि अख्खं घोडेगाव ऐकतं.

तुमच्या वजनकाट्यावर आमच्या कंपनीचं मशीन बसवलं, ते ऐन बाजारात का रुसलं, हे सांगायचं राहिलं. वजन डिस्कवर लिहून झालं का, हे कळायच्या दोन रीती. पोलिंगमध्ये प्रोसेसर हातातलं सगळं टाकून डिस्कला ‘झालं का, झालं का’ विचारत बसतो; इंटरप्टमध्ये तो आपली कामं करतो आणि लिहून झालं की डिस्क हाक मारते. गिऱ्हाईक सेटिंगला कधी हात लावत नाही, त्यामुळे ड्रायव्हर (टेम्पोचा नव्हे, डिस्क हाकणारा प्रोग्रॅम) लिहिणारा जे ठेवील तेच जन्मभर चालतं. आमच्या सविताचं (म्हणजे कंपनीतल्या, ‘आमच्या’ चुकून पडलं) म्हणणं होतं इंटरप्ट ठेव. मी पोलिंग ठेवलं, कारण ऑफिसात एसीतल्या दांडग्या मशीनवर ते सुसाट पळालं होतं.

तुमच्या पत्र्याच्या खोलीतलं मशीन पडलं लहान. विचारण्यातच त्याचा जीव गेला, आकडा थिजला, आणि म्हशींचा टेम्पो काट्यावर असतानाच ते तापून बंद पडलं. टेम्पोवाला कल्याण “पावती घेतल्याबिगर हालनार न्हाई” म्हणून बसून राहिला, रांग पार रस्त्यावर गेली, मामी मशीनला सुपानं वारा घालू लागल्या, आणि तुम्ही सगळ्यांदेखत गरजलात, “ह्यो इंजिनेर माझ्या बहिनीचा हाय, माझा न्हाई!” (आईला हे सांगितलेलं नाही.) घाम पुसत मी सविताला फोन लावला. “म्हटलं नव्हतं?” एवढंच बोलून ती शांतपणे एकेक ओळ सांगत गेली. मशीन निवल्यावर इंटरप्ट चालू केला, पावती निघाली. पण तोवर एक म्हैस कंटाळून उतरून गेलेली, त्यामुळे वजन पुन्हा घ्यावं लागलं.

आता कंपनीनं इंटरप्टच कायम केलाय. पोलिंग हवं त्यानं आपल्या हातानं चालू करावं.

आपला (निदान आईकडून) भाचा,
भागवत

ता. क. नवा ड्रायव्हर टाकायला पुढच्या बाजाराला येतोय. सोबत सविता आहे. तिच्यासमोर मला ‘भोपळ्या’ म्हणू नये आणि मामींनी लग्नाचा विषय काढू नये, खरं तर एवढ्यासाठीच हे पत्र.

ता. ता. क. पत्र ऑफिसातच लिहीत होतो; पाकीट आणायला उठलो तेवढ्यात सवितानं हे वाचलं. भोपळ्या चालेल म्हणते. मामींनीही खुशाल विचारावं म्हणते.