शनिवारी परत गेलेला ब्रेकचा पाइप

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

लातूर, सोमवार

चि. शरणप्पास रुद्राणीअक्काचे अनेक आशीर्वाद.

आलेल्या मालाची पोच आधी. ट्रॅक्टरचा ब्रेक पाइप, मुरुडच्या भंगारातला, रुपये दीडशे; आखूड निघाला. ट्रकचा, नांदेडहून, रुपये चारशे वीस. लांबी जमली, आटे जमले नाहीत. तिसरा तू हैदराबादेत हुडकून पाठवलेला. तो आला म्हणावं तर आला, नाही म्हणावं तर नाही. ते पुढं लिहिते. तुझी तब्येत बरी ना? उज्ज्वलाच्या गुडघ्याला एरंडाचं पान बांधत जा, फुकट असतं. इकडं श्रीशैलच्या मल्लय्याच्या कृपेनं सगळे ठीक, गाडी सोडून.

तू गाडी पाहिली नाहीस. कुण्या जर्मन नवरा-बायकोनं पन्नास वर्षांमागं ती तिकडून रस्त्यानं हाकत आणली आणि हैदराबादला विकून विमानानं परत गेले (तेव्हाच काय ते समजायला पाहिजे होतं). आत पलंग, शेगडी, भांडी घासायची मोरी, म्हणजे चाकांवरचं घरच. एस.टी.तून निवृत्त होताना आलेल्या पैशातून तुझ्या दाजींनी मला न विचारता घेतली आणि ट्रकला बांधून दारात आणली. मी चार दिवस बोलले नाही. मग का घेतली ते कळलं, आणि बोलले. सासूबाईंना शिवरात्रीला श्रीशैलला जायचंय. कमरेनं बसवत नाही, जायचं तर निजूनच. मल्लय्यापुढं डोकं टेकलं की मग खुशाल ने म्हणतात. तोंडात दात एक उरलाय, मागणंही एकच.

पण गाडीखाली शिरलेला नरसिंग मिस्त्री बाहेर आला तो पाइपचा तुकडा हातात घेऊनच. "भाभी, पाइप पार सडला. ब्रेक दाबला की तेल खाली आन् गाडी पुढं." तेव्हापासून तीन महिने हा पाइपचा शोध चाललाय. (देवाला बोलायच्या नवसांच्या यादीत मी तो घातलाय, सुनेच्या बाळंतपणाच्या खाली.)

तर परवा शनिवारी कुरिअरवाला तुझं पार्सल घेऊन आला. मी म्हटलं, बाबा, शनिवारी घरात लोखंड घेत नाहीत, सोमवारी ये. तो म्हणाला, पाइप तांब्याचा हाय मावशी, वर लिहिलंय. तांबं चालतं. पण मी पार्सल हलवून पाहिलं तर आत नट वाजले. नट कशाचे रे?

"मावशी, मी कुरिअरवाला हाय, लोहार न्हाई!"

मग म्हटलं, बाहेरच्या गाडीत ठेव. पण गाडी म्हणजे तरी घरच की (आत मोरी आहे). शेवटी तो 'घेतलं नाही' असं लिहून निघून गेला. तेवढ्यात हे दूध घेऊन आले आणि दुधासकट खाली बसले. "अगं, ब्रेक नसलेल्या गाडीत बसायची भीती वाटत न्हाई आन् नटाची वाटती?" आतून सासूबाई ओरडल्या, "माझ्या नावानं घ्यायचा होता की! ह्या वयात शनी माझं काय वाकडं करतोय? त्यालाच माझी भीती."

पार्सल तुझ्याकडं उलटं येईल. खर्च मी देईन, पण जाण्याचाच. येण्याचा शनीकडं माग.

तुझी अक्का,
रुद्राणी

ता.क. आखूड पाइप वाया गेला नाही. मोरीत टॉवेल वाळत घालायला बसवला.

ता.क. दुसरा. पाइप कुरिअरनं पाठवू नको, तूच घेऊन ये. हे फोनवर सांगता येत नाही, सासूबाईंना दिसतं कमी पण ऐकू सगळं येतं. 'माझ्या लेकानं तीस वर्षं एस.टी. चालवली,' असं त्यांनी गल्लीभर सांगून ठेवलंय. दाजी कंडक्टर होते हे तुला ठाऊक, डेपोला ठाऊक. त्या बिचाऱ्या ह्यांच्या गाडीत कधी बसल्याच नाहीत, आणि आता खरं सांगायची ह्यांची छाती नाही. पलंग मागं आहे, मधला पडदा मी जाड शिवलाय. तू मुकाट्यानं गाडी हाक. हे शेजारी बसून गावांची नावं ओरडतील, तेवढं त्यांना फार छान जमतं. शिवरात्रीआधी तुझ्या ट्रकला सुट्टी कधी, ते उलट टपाली कळव. पत्र माझ्याच नावानं घाल.